उंबरठ्याजवळची फरशी

मिस्त्रीच्या मते जगात दोन प्रकारची माणसं होती. एक, ज्यांनी बसवलेली फरशी भरीव वाजते ती. दोन, बाकीची. पहिल्या प्रकारात त्याने आजवर फक्त स्वतःला घातलं होतं. जागा भरपूर शिल्लक होती, पण तिथे दुसरं कुणी येईल अशी त्याला आशा नव्हती.

त्याच्या खिशात कायम एक जुनं जाड नाणं असे. कुणाच्याही घरी गेला की बूड टेकायच्या आधी हा वाकून जमिनीवर नाणं वाजवणार. टक, टक, टक. मग मान वर करून घरमालकाला म्हणणार, "पोकळ आहे. कुणी बसवली?" लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलेला असो की आजारी माणसाला भेटायला, याचं हे चुकायचं नाही. समोर सगळे त्याला मिस्त्री म्हणत. पाठ वळली की ‘टकटक’.

नाण्याचं म्हणणं खोटं नसे, हेही सांगितलं पाहिजे. फरशीखाली सिमेंटचा माल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखा पसरलेला असेल तर आवाज घट्ट येतो. कामचुकार कारागीर तसं करत नाही. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे मालाचे पाच गोळे टाकतो, वरून फरशी दाबतो आणि हात झटकून मोकळा होतो. वरून दिसायला तीच फरशी. खाली हवा. वर्षभरात कुणी कपाट सरकवलं की गेला तडा. अशा कारागिरांना मिस्त्री ‘पाचगोळे’ म्हणे. हळूहळू बँकेचा कारकून, दाताचा डॉक्टर आणि स्वतःचा मेहुणा हेसुद्धा त्याच्या लेखी पाचगोळे झाले होते.

हाताखालची माणसं त्याच्याकडे टिकत नसत. एखाद्याने हौसेने फरशी बसवली की हा येऊन एकदाच वाजवायचा, हातोडीने फोडायचा आणि पुढे जायचा. का फोडली असं विचारलं तर म्हणायचा, "डोळे नाहीत?" कुणाला दोन शब्द समजावून सांगणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, असं त्याचं गणित होतं. मी शिकलो तेव्हा मला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग झालं.

असा हा थोर माणूस एकावन्नाव्या वर्षी एका बाथरूममध्ये गुडघ्यावर बसला आणि त्याला उठता येईना. दोघांनी बगलेत हात घालून उभं केलं. डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आता जमिनीवर बसायचं काम विसरा. मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणाला, "डॉक्टरला काय कळतंय? पाचगोळ्या!" पण संडासात जातानाही भिंत धरायला लागली, तेव्हा तोंड बंद झालं.

तोडगा आणला मेहुण्याने. मेहुणा विमा विकायचा आणि सतत काहीतरी नवं ऐकून यायचा.

"दाजी, आता मोठ्या साइटवर कारागिराला कार्ड लागतं. कार्ड मिळायला परीक्षा, आणि परीक्षा घ्यायला असेसर. त्याचा कोर्स आहे, दहा शनिवार. उभं राहायचं, दुसऱ्याचं काम बघायचं आणि लिहायचं. गुडघ्याला सुट्टी."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या."

"हो, पण उंट सरकारी आहे," मेहुणा म्हणाला.

बायको शिवणाच्या मशीनवरून हसली. मिस्त्रीने नाक मुरडलं. मग दोन दिवसांनी, कुणी बघत नाही असं बघून, फॉर्म भरला. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं फुकटात नापास करत आलोच आहोत, आता त्याचं सर्टिफिकेट घ्यायचं, एवढाच प्रश्न आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

कोर्सचा वर्ग फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर होता. जमिनीवर लाकडाचं सोंग घेतलेलं प्लास्टिक अंथरलेलं. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी नाणं काढलं, खाली बघितलं आणि किळस आल्यासारखं परत खिशात टाकलं. वाजवण्याच्यासुद्धा लायकीचं नव्हतं ते.

शिकवायला होते ते सर पस्तिशीचे. आधी झेरॉक्स मशीन विकायचे. आयुष्यात थापी हातात धरलेली नाही, हे त्यांची नखं बघून कळत होतं. ते मिस्त्रीला ‘काका’ म्हणत आणि प्रत्येक ‘काका’बरोबर हसत.

"मूल्यमापनाचं तंत्र एकदा आलं," सर पहिल्या दिवशी म्हणाले, "की तुम्ही जगातल्या कुठल्याही कामाचं मूल्यमापन करू शकता."

"बाळंतपणाचंसुद्धा?" मिस्त्रीच्या शेजारी बसलेली पार्लरवाली बाई म्हणाली. वर्ग हसला. सरांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

सरांचे तीन नियम होते, आणि भिंतीवर तीन रंगांत लावलेले होते. उमेदवाराच्या कामाला हात लावायचा नाही. काम चालू असताना बोलायचं नाही. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. तिसऱ्या नियमाचा तर सराव असे. पार्लरवालीने एका विगचे केस मुद्दाम वाटेल तसे कापायचे आणि बाकीच्यांनी पाच मिनिटं कोऱ्या चेहऱ्याने बघायचं. सगळ्यांना जमलं. मिस्त्रीचा चेहरा मात्र दुसऱ्याच मिनिटाला नासकं दूध तोंडात गेल्यासारखा व्हायचा. त्याला केस कापण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तुच्छतेला कुठे ज्ञान लागतं?

खरी अडचण लिहिण्याची निघाली. पहिल्या सरावाला त्याने एका कारागिराचं काम बघितलं आणि अहवालात लिहिलं, ‘काम वाईट आहे.’ सरांनी खाली लाल शाईत विचारलं, ‘वाईट म्हणजे काय?’ मिस्त्रीने फाइल आपटली. दुसऱ्या सरावाचा कारागीर जरा बरा निघाला. मिस्त्रीने लिहिलं, ‘काम चालण्यासारखं आहे.’ लाल शाई पुन्हा आली: ‘म्हणजे काय?’

"झेरॉक्स विकणाऱ्याने मला विचारावं, वाईट म्हणजे काय!" घरी येऊन तो ओरडला. "तीस वर्षं घातली मी या कामात. मी वाईट म्हटलं की वाईट!"

"मग सांगा ना, म्हणजे काय ते," बायको म्हणाली. तिच्या तोंडात टाचणी होती.

"तुला काय कळणार?"

"मला कळलं नाही, तर त्या सरांना कसं कळेल? ते माझ्यापेक्षा अडाणी आहेत असं तुम्हीच म्हणता." तिने टाचणी काढून कापडाला लावली. "आणि सांगताच आहात तर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याजवळची आपली ती फरशी का तडकली, तेही सांगा."

स्वयंपाकघरात शिरताना उंबरठ्याला लागून एका फरशीला आडवा तडा होता. बायकोने त्यावर पायपुसणं टाकलेलं होतं. त्याला बारा वर्षं झाली होती आणि या काळात चार पायपुसणी झिजली होती.

"घर खचलंय ते," मिस्त्री म्हणाला. "त्याला फरशी काय करणार?"

नाचता येईना, अंगण वाकडं, असं बायको पुटपुटली. पण त्या दिवशी तिने त्याला समोर बसवला आणि बोलायला लावला. माल किती जाड, पाणी किती, फरशी आधी भिजवायची का, दाबताना हात कुठून कुठे न्यायचा. मिस्त्री दोन तास बोलला. तीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून एकदाही बाहेर आले नव्हते; त्याचं त्यालाच नवल वाटलं. अहवाल अर्ध्या पानाचा झाला. सरांनी खाली लाल शाईत नुसती बरोबरची खूण केली. मिस्त्रीने ती खूण पार्लरवालीला दाखवली, आणि सरांना अक्कल यायला लागली आहे, असा शेरा मारला.

राहिलं होतं शेवटचं मूल्यमापन. ते खऱ्या उमेदवाराचं, आणि सर स्वतः उभं राहून मिस्त्रीचं बघणार. ते साधलं तर दाखला. चुकलं तर पुढची बॅच, सहा महिन्यांनी. मिस्त्रीने आपल्या गुडघ्याच्या गाद्या कधीच कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. चार कंत्राटदारांना ‘आता मी साहेब होणार’ म्हणून सांगूनही झालं होतं. सहा महिने बसून राहायची सोय नव्हती आणि परत खाली बसायची तर नव्हतीच नव्हती. कोर्सच्या लोकांवर त्याने इतकं थुंकून ठेवलं होतं, आणि आता त्यांच्याच दारात हात जोडून उभं राहायचं होतं. त्या आठवड्यात तो सरांना दोनदा स्वतःहून ‘सर’ म्हणाला.

परीक्षा कोर्सच्याच लोकांच्या एका गोदामात होती. तिथे तीन बुटक्या भिंती आणि दार नसलेली एक चौकट उभी केलेली, म्हणजे खोलीचं नाटक. शनिवारी उमेदवाराने त्यात चोवीस फरशा बसवायच्या. रात्रभर माल सुकू द्यायचा. रविवारी सकाळी तपासणी.

उमेदवार बाई निघाली. चाळिशीच्या आसपासची, डोक्यावर हेल्मेट, पायात नियमाप्रमाणे जाडजूड बूट. अकरा वर्षं घरोघरी लहानसहान कामं करते, आता मोठ्या साइटवर कार्डाशिवाय फाटकातून आत घेत नाहीत म्हणून आली आहे, असं सरांनी वाचून दाखवलं. बाई मिस्त्रीकडे बघून काहीतरी बोलणार होती. पण सर म्हणाले, "उमेदवाराने असेसरशी बोलायचं नाही," आणि तिने तोंड मिटलं.

सरांनी फॉर्म पुढे केला. त्यावर एक प्रश्न होता: ‘या उमेदवाराला आपण पूर्वी काही शिकवले आहे काय?’ मिस्त्रीने वर न बघता ‘नाही’वर खूण केली. बायकामाणूस आणि फरशी! पाचगोळी असणार, यात त्याला शंका नव्हती. तो नाण्यावर अंगठा फिरवत खुर्चीत बसला.

आणि मग त्याला भलताच त्रास सुरू झाला. बाई चांगलं काम करत होती. तिने आधी सगळ्या फरशा कोरड्याच मांडून बघितल्या, कडेला तुकडा कुठे येईल ते ठरवलं, मग दोरी बांधली. माल हाताने दाबून बघितला आणि त्यात पाणी घातलं नाही. फरशी टेकवताना ती एका अंगाने टेकवून मग आडवी निजवत होती, खालची हवा कडेने निघून जाईल अशी. ही निजवण्याची तऱ्हा मिस्त्रीला फार ओळखीची वाटली. चांगलं काम शेवटी एकाच तऱ्हेचं असतं, असं म्हणून त्याने तो विचार सोडून दिला. तेवीस फरशा झाल्या तरी त्याला लिहायला वाईट असं काही सापडेना. त्याला चक्क राग यायला लागला.

शेवटची राहिली ती उंबरठ्याजवळची. बाईने फरशी उचलली. थापीवर माल घेतला. आणि चार कोपऱ्यांना चार, मध्ये एक, असे पाच गोळे टाकले. अगदी नीट, मापात टाकले. वर फरशी दाबली, कड पुसली आणि उभी राहिली.

मिस्त्रीच्या चेहऱ्यावर तिसरा नियम त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाळला गेला, कारण आतून तो इतका खूश झाला होता की लपवणं भाग होतं. सापडली! तेवीस वेळा जीव मुठीत धरून केलं आणि शेवटी मूळ स्वभाव आलाच बाहेर. त्याने घरी जाऊन त्या चोविसाव्या फरशीवर एक अख्खं पान लिहिलं. वाईट म्हणजे काय, ते त्यात इतकं स्वच्छ आलं होतं की त्याने ते बायकोला वाचून दाखवलं.

"कोण हो ती?" बायकोने विचारलं.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

रविवारी सकाळी सर फाइल घेऊन उभे, बाई चौकटीपाशी उभी. काम संपल्यावर तपासणीला हात लावायची परवानगी होती. मिस्त्री भिंत धरून कसाबसा वाकला. टक. भरीव. टक. भरीव. तेविसावीपर्यंत सगळ्या भरीव. चोविसाव्या फरशीवर नाणं ठेवण्याआधी त्याने सरांकडे बघितलं, जादूगार रुमाल काढण्याआधी बघतो तसं. मग वाजवलं.

"अरे!" सर म्हणाले. "हिचा आवाज वेगळा आला."

"आता कळलं ना, वाईट म्हणजे काय?"

सरांनी मान डोलावली. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली फरशी होती. "काका, आता नियमाप्रमाणे कारण विचारा. हलगर्जीपणा आहे की चुकीची समजूत, ते नोंदवावं लागतं."

मिस्त्रीने बाईकडे न बघताच विचारलं, "ही शेवटची पाच गोळ्यांवर का टाकली?"

"उंबरठ्याजवळची तशीच टाकतात ना," बाई म्हणाली. चोरी सापडल्याचा तिच्या आवाजात मागमूस नव्हता. "बाकी सगळ्या भरून, आणि ती एक गोळ्यांवर. तिथे जागा अडचणीची असते, माल जास्त झाला तर सांध्यातून वर येत असेल, असं मी समजले."

"कुठल्या पाचगोळ्याने शिकवलं तुला हे?"

सर खोकले. उमेदवाराचा अपमान करायचा नाही, असाही एक नियम होता.

"शिकवलं कुणी नाही," बाई म्हणाली. "बघून शिकले. चार वर्षं रोज बघितलं."

"कुणाचं?"

बाईने एकदा सरांकडे बघितलं, आणि मग त्याच्याकडे. "तुमचंच, मिस्त्री."

मिस्त्री हसला. "माझं? अगं, मी तुला कालपासून बघतोय."

"कालपासून बघताय, हे खरं आहे," ती म्हणाली. मग ती चौकटीवर टेकली, उजव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढे केला. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून आडवं झालेलं होतं.

ते बोट मिस्त्रीने तत्काळ ओळखलं. तो कायम गुडघ्यांवर, आणि माल आणणारी माणसं कायम उभी. त्याला त्यांचे पाय तेवढे दिसायचे. पायांवरूनच तो हाका मारायचा: ‘ए भेगाळ!’ ‘ए वाकडं बोट, माल आण!’ वाकडं बोट चार वर्षं त्याच्या कानापाशी घमेलं ठेवत होतं. त्या बोटाला वर एक तोंड असेल आणि त्या तोंडात दोन डोळे असतील, याची चौकशी करावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं. फरशीला तर त्याने तिला हात लावू दिला नव्हता.

आणि आता त्याला बाकीचंही आठवायला लागलं. खोली भरत यायची. शेवटची एक फरशी राहायची, दाराजवळची. तोवर पाठ मोडलेली असायची, मन उठलेलं असायचं. कोण बघतंय? पाच गोळे, दाबली, झालं. कधीतरी व्हायचं असं, तो मनात म्हणाला. पण चार वर्षं रोज बघणाऱ्या माणसाने ते ‘कधीतरी’ म्हणून शिकलेलं नव्हतं. ती पद्धतच आहे असं समजून शिकलेलं होतं. स्वतःच्या खिशातलं नाणं त्याने त्या एका फरशीवर आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. त्याला लाज वाटली. अगदी कानशिलं गरम होईपर्यंत वाटली. पण ती लाज पुरती बाहेर यायच्या आत सर बोलले आणि तिच्या जागी भीती आली.

"काका, एक मिनिट." सरांनी फॉर्म वर काढला होता. "इथे तुम्ही ‘नाही’ लिहिलंय. पूर्वी काही शिकवलं असेल तर हे मूल्यमापन रद्द होतं. मग तुमची पुढची बॅच, सहा महिन्यांनी. नीट आठवून सांगा. तुम्ही यांना शिकवलंय का?"

गोदामात पत्र्यावर कबुतरं चालत होती. मिस्त्रीचा हात गुडघ्यावर गेला.

"नाही," तो म्हणाला. "मी हिला कधीही काहीही शिकवलेलं नाही."

सरांनी बाईकडे बघितलं.

"खरं आहे, सर," बाई म्हणाली. ती मोजा चढवत होती. "चार वर्षांत यांनी मला एक अक्षर शिकवलं नाही. लिहा तसं."

सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाईच्या कागदावर ‘अद्याप सक्षम नाही’चा शिक्का मारला आणि मिस्त्रीच्या कागदावर लिहिलं, ‘पूर्ण निःपक्षपाती.’ माणसाने खरं बोलूनही किती नीच ठरावं, याला काही मर्यादा असते, असं म्हणतात. मिस्त्रीने ती त्या दिवशी ओलांडली, आणि दाखला मिळवला.

सर फोनवर बोलायला बाहेर गेले. नियमाप्रमाणे असेसरने उमेदवाराला समजावून सांगायचं राहिलं होतं: आधी चांगलं, मग चुकलेलं, मग परत चांगलं. मिस्त्री उभा राहून जमिनीकडे बघत बोलला.

"तेवीस फरशा बरोबर आहेत. माल, सांधे, उतार, सगळं. मला काही काढता आलं नाही." त्याने चोविसावीकडे बोट केलं. "उंबरठ्याजवळच्या फरशीवर घरात सगळ्यात जास्त पाय पडतात. जाणारा-येणारा प्रत्येक जण तिच्यावर भार देतो. खाली हवा असली तर तीच आधी तडकते. म्हणून ती एक तर सगळ्यांत जास्त भरून बसवायची. हे... हे असं आहे."

बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिला ते लगेच पटलं, हे दिसत होतं.

"मग तुम्ही का तसं करत होतात?"

"गुडघा दुखायचा."

"तेव्हा तुमचा गुडघा ठणठणीत होता, मिस्त्री. दोन-दोन पायऱ्या एकदम चढायचात."

मग, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, तो खरं बोलला. "कंटाळा यायचा. उठायची घाई असायची."

"कंटाळा," बाई म्हणाली. तिने बुटाची नाडी बांधली, सोडली, परत घट्ट बांधली. "म्हणजे चार वर्षं मी तुमचा कंटाळा शिकले, आणि अकरा वर्षं लोकांच्या घरात नेऊन बसवला."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मिस्त्रीला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

दाखला चौकटीत बसून आला. मिस्त्रीने तो बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारावर ठोकला. मेहुणा पेढे मागून गेला. ‘पूर्ण निःपक्षपाती’ हा शेरा मिस्त्रीने एकदाच वाचून दाखवला आणि मग नाही. महिन्याभराने बाईला दुसऱ्या असेसरकडून कार्ड मिळाल्याचं त्याच्या कानावर आलं. नंतर हार्डवेअरच्या दुकानदाराने एक गंमत म्हणून सांगितलं, की एक बाई येते, आणि दर वेळी एकच फरशी घेऊन जाते. जुन्या गिऱ्हाइकांकडे जाऊन उंबरठ्याजवळची फरशी फुकट बदलून देते म्हणे. "डोकं फिरलंय," दुकानदार म्हणाला. मिस्त्रीने एरवी लगेच ‘पाचगोळी’ म्हटलं असतं. तो खिळे न घेताच घरी आला.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी दाराची कडी वाजली. बायकोने दार उघडलं.

"अगं, तू!" ती ओरडली. "किती वर्षांनी! ये, ये. लेक केवढी झाली गं तुझी?"

बायकोने तिला तोंडावरून ओळखलं होतं.

"मोठी झाली, वहिनी," वाकडं बोट म्हणाली. तिच्या एका हातात कालवलेल्या मालाची बादली होती आणि काखेत एक फरशी. "तुमच्या स्वयंपाकघराची उंबरठ्याजवळची काढायची आहे. माझ्या यादीत ही शेवटची राहिली."

"ती मी बसवली," मिस्त्री खुर्चीतून म्हणाला. तडकलेल्या फरशीवरसुद्धा त्याला हक्क सोडवेना.

"नाही, मिस्त्री. वहिनींनी तुम्हाला जेवायला हाक मारली. तुम्ही उठलात आणि म्हणालात, वाकडं बोट, ती एक तूच टाक. मी तुमच्यासारखीच टाकली." तिने पायपुसणं उचलून बाजूला ठेवलं. "माझ्या हातची पहिली फरशी आहे ती."

"हो की!" बायको म्हणाली. "मीच हाक मारली होती."

मिस्त्री खुर्चीत बसून राहिला, समोर दाराच्या वर दाखला. बाईने फरशी फोडली, तुकडे वेचले, खालचे पाच वाळलेले गोळे छिन्नीने खरवडले, आणि माल कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरला. त्याने कामाला हात लावला नाही, तो बोलला नाही आणि त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. कोर्स चांगलाच अंगात मुरला होता.

चहाला ती थांबली नाही. "उद्यापर्यंत पाय देऊ नका, वहिनी," ती दारातून म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "उद्या वाजवून बघा. नाणं आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दूध आणायला गेली तेव्हा मिस्त्री दाराची चौकट धरून एकेक इंच खाली बसला. वाजवलं. भरीव. कोपऱ्यावर वाजवलं. मध्ये वाजवलं. चारही अंगांनी भरीव.

शेजारची फरशी त्याच्या स्वतःच्या हातची होती. त्याने नाणं तिच्यावर नेलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. जिन्यात बायकोची पावलं वाजली, तेव्हा त्याने ते न वाजवताच खिशात टाकलं आणि, उठता येत नव्हतं म्हणून, तिला हाक मारली.